पोरगं ‘बरंय’ म्हणतं तेव्हा

मंडळी, सोमवारी सकाळी तालुक्याच्या स्टँडवर जरा वेळ उभे राहून पाहा. नाशिकच्या गाडीला जी झुंबड असते, तिच्यात बरीचशी पोरे-पोरी कॉलेजची असतात. शनिवारी घरी आलेली, रविवारी आईच्या हातचे पोटभर जेवलेली, आणि आता धुतलेले कपडे व शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पिशवीत घालून परत निघालेली. बाप मोटारसायकलवर सोडायला आलेला असतो. गाडी हलायला लागली की तो खिडकीशी येऊन एवढेच म्हणतो, “नीट अभ्यास कर रे.” पोरगा मान हलवतो. गाडी जाते, बाप बाजार समितीकडे वळतो.

त्या हललेल्या मानेविषयी आज तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

तुम्ही द्राक्षाच्या बागेत उभे राहून नुसत्या हवेवरून सांगता की आज रात्री डावणीचा धोका आहे. कांद्याची पात शेंड्याला जराशी वळली तरी तुमच्या नजरेतून सुटत नाही. गाय रवंथ करेना झाली की डॉक्टरला फोन जातो. पण वीस वर्षांचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस घरी राहतो, दोन घास खाऊन उठतो, रात्री दोनपर्यंत ओट्यावर बसून असतो, आणि आपण म्हणतो, “शहराचं पाणी लागलंय त्याला.” मुलगा ‘बरंय’ म्हणाला, विषय मिटला.

तो ‘बरंय’ का म्हणतो, ते समजून घ्या.

समजा, चांदवडकडचा एक मुलगा आहे. दहावीला गावात पहिला. बारावीलाही चांगले गुण. गावाने फेटा बांधला, फोटो लावला. इंजिनिअरिंगला नंबर लागला. बापाने सोसायटीचे कर्ज असताना आणखी हातउसने घेऊन फी भरली. पहिल्या आठवड्यात वर्गात बसला तर सगळे इंग्रजीत. मास्तर शिकवतात ते अर्धे कळते, अर्धे कळत नाही. आणि विचारायला हात वर करावा तर शहरातली पोरे हसतील ही भीती. हा मुलगा मंदबुद्धीचा नाही. त्याला गणित येते, गणिताचा प्रश्न कळत नाही. पहिल्या सेमिस्टरला तीन विषय राहतात. दुसऱ्याला तेही आणि नवेही. ठराविक विषय सुटले नाहीत तर पुढच्या वर्षात घेत नाहीत, वर्ष जाते. त्याला ही पोरे आपसात ‘वायडी’ म्हणतात. शब्द दोन अक्षरांचा, पण रात्रभर छातीवर बसतो.

आता हे त्याने घरी सांगावे तर कसे? घरून फोन येतो तेव्हा आपण काय विचारतो ते आठवा. पैसे पोचले का, पेपर कधी, निकाल लागला का. आणि त्याने काही विचारायच्या आत आपणच सांगून टाकतो की कांदा पडलाय, गाडीभाडेसुद्धा निघाले नाही, पण तू काळजी करू नकोस, तू फक्त शिक. हे वाक्य आपण मायेने बोलतो. त्याच्या कानाला ते निराळे ऐकू येते. इतका भाव पडलेला असताना मी फीचे पैसे बुडवले, असे. मग तो खोटे बोलतो. निकाल राखून ठेवलाय म्हणतो. पुढच्या वेळी त्या खोट्याला आणखी एक टेकू. सहा महिन्यांत अशी भिंत उभी राहते की तिच्यापलीकडून आईची हाकही ऐकू येत नाही.

मुलींचे याहून अवघड. मुलीने “मला जमत नाहीये, मला बरं वाटत नाही” असे म्हटले की घरातला कोणीतरी लगेच बोलतो, “मग आणा तिला घरी, स्थळं बघायला घ्या.” हे तिला पक्के ठाऊक असते. म्हणून मुलगी शेवटपर्यंत हसत राहते. जुलै २०२४ पासून महाराष्ट्र सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली, फार चांगले झाले. पण फी माफ झाली म्हणून तिच्या मनातली ही भीती काही माफ झाली नाही. ती घरातल्या माणसांनीच घालवायची. तिला एकदा स्पष्ट सांगा की अडचण सांगितलीस म्हणून शिक्षण बंद होणार नाही. हे वाक्य बापाच्या तोंडून आले पाहिजे. आईने सांगितलेले तिला पुरत नाही, कारण निर्णय कोण घेते ते तिला माहीत आहे.

सुरगाणा, पेठ, कळवणकडून येणाऱ्या आदिवासी मुलांना आणखी एक काटा असतो. त्यांच्या बोलीला, आडनावाला हसणारे भेटतात. ही थट्टा नव्हे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि जातीवरून, बोलीवरून कोणी छळत असेल तर कॉलेजकडे लेखी तक्रार करता येते. १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी फुकट फोन देशभर चालतो. लिहून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वेळी नव्हते असले काही. आम्ही उपाशी राहून शिकलो. उपाशी राहिलात हे खरे, पण एकटे नव्हता. हे जरा सविस्तर सांगतो, कारण नाशिकइतकी या गोष्टीची साक्ष दुसरीकडे कमीच ठिकाणी मिळेल.

शंभर वर्षांपूर्वी खेड्यातल्या मुलाने शिकायचे म्हणजे पहिला प्रश्न फीचा नव्हताच. तो राहणार कुठे आणि जेवणार कोणाकडे, हा प्रश्न होता. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले आणि १९०१ साली कोल्हापुरात मराठा मुलांसाठी बोर्डिंग काढले. मग एकामागून एक अनेक समाजांची बोर्डिंगे तिथे उभी राहिली. तोच वारा नाशिकला पोचला. १९१४ साली इथे मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम सुरू झाले ते उदोजी मराठा बोर्डिंगपासून. आधी मुलांना छप्पर आणि भाकरी, मग शाळा-कॉलेजे, असा तो क्रम. १९२० च्या एप्रिलमध्ये शाहू महाराज स्वतः नाशिकला येऊन या बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला बसवून गेले. संस्थानचा राजा एका वसतिगृहाच्या दगडासाठी एवढा प्रवास करतो, यावरून त्या माणसाला त्या दगडाची किंमत काय वाटत होती ते समजावे.

आणि साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली जे बोर्डिंग काढले, त्यात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत. घरात धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने एकेक करून मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले, पण मुलांना उपाशी निजू दिले नाही. ही हकीगत आपण भाषणांत ऐकतो आणि टाळ्या वाजवून विसरतो. तिच्यातली खरी गोष्ट दागिन्यांची नाही. आज किती ताटे वाढली आणि कोणते पोर जेवायला आले नाही, हे त्या बाईला रोज ठाऊक असे. कोण रडतेय, कोणाला घरची आठवण येतेय, हे कळायला वेगळा खटाटोप लागत नव्हता. ते पंगतीतच दिसायचे.

भाऊराव स्वतः मॅट्रिकपर्यंतही पोचले नव्हते बरे का. शाळेत मागे पडलेला हा मुलगा. पुढे १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांनाच सन्मानाची डी. लिट. दिली. आज नाशिकच्या बहुतेक पारंपरिक कॉलेजांतली मुले पदवी घेतात ती त्याच विद्यापीठाची. नापास झालेल्या मुलाला हे जरूर सांगा, पण उपदेश म्हणून नको. जेवताना सहज सांगा.

आज नाशकात काय आहे? कॉलेज रोड, गंगापूर रोड, पंचवटीत कॉट बेसिसच्या खोल्या आहेत. एका खोलीत चौघे, चौघांच्या कानांत चार मोबाइल. डबा दाराशी ठेवून डबेवाला जातो. तो भरलेला परत गेला तरी कोणी विचारत नाही. जुन्या बोर्डिंगात संडासला रांग होती, ढेकूण होते, पण एखादे पोर दोन दिवस अंथरुणातून उठले नाही तर अख्ख्या बोर्डिंगला खबर लागायची. आजच्या सोयींत नेमकी ती खबर हरवली आहे. मला जुने दिवस परत आणायची हौस नाही, पण ती खबर मात्र कोणीतरी ठेवलीच पाहिजे. सरकार ठेवील, कॉलेज ठेवील, असे म्हणून आपल्याला सुटका नाही.

कारण आकडा लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या १,७६४ आपल्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. एवढेच सांगून पुढे जातो. आकड्यांनी कोणाचे पोर वाचत नाही.

तर दिवाळीत, किंवा कधीही, मुलगा घरी आला आणि तुम्हाला वाटले की काहीतरी बिनसलेय, तर काय करायचे?

पहिले म्हणजे सगळ्यांसमोर विचारू नका. जेवणाच्या ताटावर चुलते, आत्या बसलेल्या असताना “काय रे, निकालाचं काय झालं?” म्हणजे चावडीवर पंचनामा. त्याला शेतावर न्या. पाणी भरायला, खत टाकायला, कशालाही. बांधावरून चालताना माणूस समोर पाहत असतो, एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. अवघड गोष्ट अशा वेळी तोंडातून निघते. प्रश्न साधा ठेवा. “झोप लागते का रे तुला?” “जेवण जातं का?” यांना तो खरे उत्तर देईल, कारण यांत मार्क नाहीत. मग गप्प बसा. हे गप्प बसणे आपल्याला सगळ्यांत जड जाते. तो बोलायला लागला की आपण लगेच उपाय सांगतो, नाहीतर आपले कष्ट ऐकवतो. त्या दिवशी दोन्ही नको.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडालेली असेल किंवा दिवसभर झोपत असेल, आवडीच्या गोष्टीत मन नसेल, मित्रांचे फोन उचलत नसेल, चिडचिड वाढली असेल, दारू-गुटख्याकडे वळला असेल, तर ते आळसाचे लक्षण समजू नका. आणि तो जर “मी नसतो तर बरं झालं असतं”, “तुमच्यावर ओझं झालोय” असे काही बोलला, किंवा आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागला, तर तिथल्या तिथे थांबा आणि सरळ विचारा, “तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?” लोक भितात की असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल. तसे होत नाही. डॉक्टर मंडळीही हेच सांगतात, की विचारल्याने माणसाला हायसे वाटते. इतके दिवस एकट्याने वाहिलेले कोणीतरी हातात घेतले. त्याने हो म्हटले तर रागावू नका, शपथा घालू नका, रडून त्याच्यावर आणखी भार टाकू नका. त्याला एकटे सोडू नका. त्या रात्री त्याच्याजवळ झोपा.

आणि आता शेतकऱ्याच्या घरातच सांगायला हवी अशी गोष्ट. फवारणीची औषधे आपल्याकडे कुठे असतात? पडवीत, माळ्यावर, गोठ्याच्या कोनाड्यात. त्यांना आजच पेटी आणि कुलूप करा आणि किल्ली घरातल्या शहाण्या माणसाच्या कमरेला असू द्या. घरात कोणी दुःखी असो वा नसो. उरलेले औषध साठवून ठेवू नका. तुम्हाला वाटेल, ज्याला करायचे तो काहीही करील. अनुभव तसे सांगत नाही. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर एकेक करून बंदी घातली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. लोकांची दुःखे काही तेवढ्यात संपली नव्हती. ती अघोर घटका पुष्कळदा थोड्याच वेळाची असते. त्या वेळी हाताशी काही नसले की ती टळते, आणि टळलेला माणूस बहुधा पुढे जगतो.

मदत कुठे मिळेल तेही लिहून घ्या. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा नंबर. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये तो सुरू केला. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येते. मुलानेच फोन करावा असे नाही. आई-बापही करून विचारू शकतात की आम्ही कसे वागावे. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात. जिवावर बेतले असेल तर १०८ ला फोन करून गाडी बोलवा, आणि पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस अतिशय ताणाखाली होता असे धरून त्याला शिक्षा न करण्याचे ठरवले आहे. सरकारने त्याची काळजी घ्यावी असे तो कायदा म्हणतो. “वेड्याचा डॉक्टर” हा शब्द मात्र घरातून काढून टाका. दात दुखला की आपण दाताच्या डॉक्टरला वेड्याचा डॉक्टर म्हणत नाही.

कॉलेजलाही विचारायला शिका. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातल्या शिक्षणसंस्थांना विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याविषयी बंधने घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, म्हणजे मुलांचे ऐकून घेणारा जाणकार माणूस, असावा असे त्यात आहे. तेव्हा प्रवेशाच्या दिवशी फीच्या खिडकीशी जसे उभे राहता, तसेच आत जाऊन विचारा, “हा माणूस कोण? कोणत्या खोलीत बसतो? कोणत्या वारी?” नुसता फलक दाखवला तर माणूस दाखवा म्हणा. फेटा-टोपीवाला बाप विचारायला लागला की कॉलेजे जरा सावरून बसतात, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो.

पैशाची अडचण असेल तर ती मुलापासून लपवू नका आणि त्याच्या डोक्यावरही ठेवू नका. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी ‘स्वाधार’, आदिवासी मुलांसाठी ‘स्वयम्’ योजना आहे. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत ‘कमवा व शिका’ आहे, ते नाव भाऊरावांच्याच शिकवणीतले. शिष्यवृत्ती उशिरा येते आणि मेसवाला थांबत नाही, हे खरे. म्हणून दाखले आधीच काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला काढायला तलाठ्याकडे खेटे घालणे हे बापाचे काम. परीक्षेच्या तोंडावर ते काम मुलाला लावू नका.

आणि खरेच जमत नसेल तर? तर वाट बदलू द्या. नाशिकजवळ गोवर्धनला, गंगापूर धरणाच्या वाटेवर, १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. तिथे मराठीतून, घरचे काम सांभाळून पदवी घेता येते. राज्यभर त्याची अभ्यासकेंद्रे आहेत, आणि शाळा-कॉलेज सुटलेल्या किती बाया-बापड्यांनी त्यातून शिक्षण पुरे केले आहे. इंजिनिअरिंग सोडून बी. ए. केले म्हणजे फेटा उतरला असे समजणारे गावात असतात. त्यांना चहा पाजा आणि विषय बदला. एक वर्ष गेले तर गेले. आपण गारपिटीत अख्खी बाग गेल्यावरही पुढच्या वर्षी छाटणी धरतोच ना.

ज्यांची मुले अजून लहान आहेत, पण नाशकात खोली भाड्याने देता, मेस चालवता, किंवा ज्यांच्या ओळखीचे एखादे पोर तिथे एकटे आहे, त्यांनाही सांगणे आहे. रविवारी त्याला जेवायला बोलवा. डबा दोन दिवस भरलेला परत आला तर दार वाजवा. बाकी काही कळले नाही तरी चालेल.

मुलगा घरून परत निघाला की त्याच्याबरोबर तुम्हीही एकदा गाडीत बसा. एक दिवस शेताला सुट्टी. त्याची खोली पाहा, सोबतीची पोरे कोण आहेत त्यांची नावे-गावे विचारा, एकाचा नंबर घ्या. त्याच्या वर्गशिक्षकांना भेटा आणि मुलाच्या देखत सांगा की याचे विषय राहिलेत हे घरी माहीत आहे. त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहा. मग ऑफिसात जाऊन राहिलेल्या विषयांचा परीक्षा फॉर्म कधी भरायचा ती तारीख विचारून घ्या, कारण निराश झालेली पोरे पहिल्यांदा ती तारीख चुकवतात.